सहा अंडी, चार चौकटी

मला सापांची भीती वाटते. हे मीच आधी सांगून टाकते, कारण मार्लिसला सांगायला दिलं तर ती हसत हसत आणि वाढवून सांगेल.

मी डोरीन. वय सहासष्ट. इंडियानातल्या केंड्रिक गावात शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली. मार्लिस माझी धाकटी बहीण, शाळेची बस चालवायची. नवरा गेल्यावर वर्षभरात तिने घर विकलं आणि माझ्याकडे राहायला आली. आल्यावर महिना झाला असेल नसेल, एका शनिवारी ती जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये भरलेल्या सापांच्या प्रदर्शनाला गेली आणि दोन अजगर घेऊन परत आली.

अजगर म्हणजे माणूस गिळणारे नव्हेत. बॉल पायथन म्हणतात त्यांना. मूळचे आफ्रिकेतले, तीन-चार फुटांचे, आणि स्वभावाने भित्रे. घाबरले की डोकं आत घालून चेंडूसारखे गोळा होतात.

"बघ, तुझ्याच वळणावर गेलेत," मार्लिस म्हणाली.

नर पिवळाधमक, अंगावर बारीक काळ्या रेघा. त्या रंगाला विकणारे 'बंबलबी' म्हणतात, म्हणजे भुंगा. मादी मोठी, फिकट चहाच्या रंगाची, पाठीवर नक्षी जवळजवळ नाहीच. ती 'शॅम्पेन'. मार्लिसने दोन्ही निव्वळ रंग बघून घेतले होते. ह्या दोन रंगांची पिल्लं कशी दिसतील, ह्याचीच तिला हौस. दोनाचे चार, चाराचे चाळीस, असा सगळा संसार तिने गाडीतच मनात मांडला होता.

माझी शिवणाची खोली त्यांना दिली. अट एकच घातली, दार कायम बंद राहील. मी दाराखालच्या फटीत टॉवेलही कोंबायला लागले. मार्लिसने त्यावरून माझी खूप टर उडवली. पण एक सांगते, ज्याला भीती वाटते तो नीट बघतो. मार्लिस त्यांना खायला घालायची तेव्हा मी दाराच्या चौकटीत उभी राहून बघायचे, आणि त्या पिवळ्या नराचं काहीतरी बिनसलेलं आहे हे मला पहिल्याच आठवड्यात दिसलं. उंदरावर झडप घालताना त्याचं डोकं एका बाजूला कलायचं, मग मान मळसूत्रासारखी वळायची, आणि नेम चुकायचा. कधीकधी तो स्वतःच्याच पाठीकडे उलटं बघत राहायचा. मी मार्लिसला दाखवलं. ती म्हणाली, तो लाडात आलाय.

हिवाळ्यात तिने दोघांना एकत्र ठेवलं. एप्रिलच्या मध्यावर मादीने अंडी घातली. सहा. पांढरी, कातड्यासारख्या कवचाची, एकमेकांना चिकटलेली, आणि त्यांच्याभोवती तिचा वेढा. सहलीला नेतो त्या जुन्या बर्फाच्या पेटीत मार्लिसने ऊब देणारी पट्टी बसवली होती. त्यात तिने एका डब्यात अंडी ठेवली. ती फिरवायची नसतात, म्हणून प्रत्येकावर वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली केली. तापमान एकोणनव्वद डिग्री फॅरनहाइट. त्या दिवशी ती इतकी आनंदात होती की मला बघायला बरं वाटलं. नवरा गेल्यापासून ती तशी दिसली नव्हती.

चौथ्या दिवशी आम्ही लाव्हर्न स्टकींकडे गेलो. गावाबाहेर राहतात, सत्तरीचे, शेतात निचऱ्याचे पाइप घालण्याचं काम आयुष्यभर केलेले. गेली पंधरा वर्षं तळघरात हेच अजगर वाढवतात. मार्लिसला त्यांच्याकडून फक्त एवढंच हवं होतं की कोणकोणत्या रंगांची पिल्लं निघतील. मी सोबत गेले ती त्यांच्या बायकोच्या हातचा ॲपल पाय मिळेल म्हणून.

मादी शॅम्पेन आहे म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. नर कोणता, असं विचारलं. मार्लिसने अभिमानाने सांगितलं, बंबलबी. लाव्हर्ननी बायकोकडे पाहिलं. त्यांच्या बायकोने हातातली सुरी खाली ठेवली. मला काहीच कळलं नाही.

"बंबलबी म्हणजे काय, ते सांगितलं का तुम्हाला विकणाऱ्याने?" त्यांनी विचारलं.

"पिवळा," मार्लिस म्हणाली.

त्यांनी खिशातून सुताराची पेन्सिल काढली, विजेच्या बिलाचं पाकीट उलटं केलं आणि त्यावर एक चौकोन आखून त्याचे चार भाग केले. ते सांगत गेले ते मी जसं समजले तसं सांगते. प्रत्येक गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. पिल्लाला आई आपल्या दोनपैकी एक देते, बाप त्याच्या दोनपैकी एक देतो. कुठली जाईल ते कोणाच्या हातात नसतं. बंबलबी हे नाव दोन गुणांचं मिळून आहे. एक नुसता पिवळेपणा, तो निरुपद्रवी. दुसरा 'स्पायडर', कोळ्याचा. अंगावर कोळिष्टकासारख्या रेघा येतात त्या त्याच्यामुळे, आणि डोकं फिरतं तेही त्याच्यामुळेच. रेघा घ्यायच्या आणि डोकं सोडायचं, असं करता येत नाही. ज्याला रेघा, त्याला थोडंफार तेही. बाजारात त्याला फक्त बंबलबी म्हणायचं, म्हणजे कोळी नावात दिसतच नाही.

"आणि शॅम्पेनचंही थोडं तसंच आहे," ते म्हणाले. "एकेकटे असले तर जगतात. दोन्ही एकाच पिल्लात आले तर नाही."

"नाही म्हणजे?"

"बहुतेक अंड्यातच मरतात. जे बाहेर येतात त्यांना वर कुठे आणि खाली कुठे ते कळत नाही."

तीन चौकटींत त्यांनी साधं, नुसतं स्पायडर आणि नुसतं शॅम्पेन असं लिहिलं, आणि 'दोन्ही' लिहिलेल्या चौथ्या चौकटीत फुली मारली. ते कोरडेपणाने नाही बोलले, पण मऊही नाही बोलले. मार्लिस त्या फुलीकडे बघत होती. मग बस चालवणाऱ्या बाईचा हिशेबी आवाज काढून ती म्हणाली, "चारात एक. म्हणजे सहात दीड."

"तसं नसतं ते, मार्लिस. प्रत्येक अंड्याचं नाणं वेगळं उडतं. शेजारच्या अंड्याचं काय झालं ते त्याला माहीत नसतं. एकही नसेल. सहाच्या सहाही असतील."

पुढचं मार्लिसने विचारलं नाही, मी विचारलं. आता करायचं काय? ते म्हणाले, दोनच वाटा आहेत. अंडी आजच डीप फ्रीझरमध्ये ठेवायची, अजून आत फारसं काही झालेलं नाही. नाहीतर वाट बघायची आणि जे निघेल त्याला तोंड द्यायची तयारी ठेवायची. कुठली वाट घ्या ते मी सांगणार नाही, म्हणाले. न समजता एकदा त्यांनीही हीच जोडी लावली होती. त्यानंतर परत कधी नाही. ॲपल पाय तसाच राहिला.

आम्ही घरी आलो. आल्याआल्या तिने पेटीतून अंड्यांचा डबा काढला आणि तळघरात गेली. मी मागोमाग गेले. तिने फ्रीझरचं झाकण उघडलं होतं. गोठवलेला मका आणि वाटाण्यांच्या पिशव्या तिने एका बाजूला सरकवल्या होत्या. डबा तिच्या दोन्ही हातांत होता. ती तशीच उभी होती, आणि फ्रीझरची थंड वाफ तिच्या मनगटांवरून खाली येत होती.

मग तिने झाकण लावलं. "पाच चांगली असतील तर?" ती म्हणाली. डबा परत पेटीत गेला.

त्या संध्याकाळी मी तिला एक गोष्ट सांगितली, जी मी साठ वर्षं कोणाला सांगितली नव्हती. आमच्या वडिलांकडे मांसासाठी पाळलेल्या पांढऱ्या तोंडाच्या तांबड्या गाई होत्या. मी सात वर्षांची होते, मार्लिस तीनची. त्या वर्षी गोठ्यात बुटकी वासरं जन्माला आली. पोट फुगलेलं, कपाळ पुढे आलेलं, आणि श्वास असा घरघरत की मला खिडकी लावली तरी ऐकू यायचा. एक, मग दुसरं, मग तिसरं. वडील त्यांना कोठाराच्या मागे घेऊन जायचे आणि एकटेच परत यायचे. दोष वळूत होता आणि गाईंतही, पण दिसायला सगळे धडधाकट. दोघांकडून एकेक प्रत एकत्र आली की वासरू तसं निघायचं. शेतकी खात्याचा माणूस येऊन त्यांना हे समजावून गेला. मी पायरीवर बसून ऐकलं होतं.

"मग त्या वळूचं काय केलं?" मार्लिसने विचारलं.

"तीन जिल्हे पलीकडच्या लिलावात विकला. जिथे आपल्याला कोणी ओळखत नव्हतं."

"बाबांना माहीत असताना?"

"माहीत असताना."

वडिलांवर तिचा फार जीव होता, आणि मला वाटलं, आता ती माझ्यावर चिडेल. ती उठली आणि ज्याने नर विकला त्याला फोन लावला. मी तिचंच बोलणं ऐकत होते. तुम्हाला माहीत होतं का, हे तिने तीनदा विचारलं. नंतर म्हणाली, तो म्हणतो सगळेच विकतात, घेणाऱ्याने आधी वाचायला हवं होतं. "ते त्याचं बरोबर आहे," ती म्हणाली. "मी वाचायला हवं होतं. पण त्याने सांगायलाही हवं होतं."

त्यानंतर दिवस मोजणं सुरू झालं. साधारण साठ दिवस लागतात. मी हिवाळाभर सापांना घाबरले होते, आता त्या पेटीला घाबरायला लागले. शिवणाच्या खोलीसमोरून जाताना पाय आपोआप भराभर उचलले जायचे. मार्लिस पेटी उघडून अंड्यांमागे टॉर्च धरायची. आत लाल शिरांचं जाळं दिसायचं, मग सावली, मग हलणारी सावली. सहाही जिवंत होती. तिला ते बघून आनंद व्हायचा आणि दुसऱ्याच क्षणी चेहरा उतरायचा. "हलतायत ग," ती सांगायची. कुठल्या अंड्यात काय, ते टॉर्चमध्ये दिसत नाही.

जूनच्या सुरुवातीला, एकावन्नाव्या दिवशी, वादळ आलं. मार्लिस डोळ्यांच्या डॉक्टरकडे फोर्ट वेनला गेली होती. दुपारी तीनला आभाळ हिरवट काळं झालं, गावातला भोंगा वाजला, आणि मी जिन्याखाली जाऊन बसले. वारा वीस मिनिटांत ओसरला, पण वीज गेली ती गेलीच. समोरच्या घरावर मेपलचं झाड आडवं पडलं होतं. मार्लिसचा फोन लागेना.

तासाभराने मी शिवणाच्या खोलीचं दार उघडलं. मी त्या खोलीत एकटी कधीच गेले नव्हते. पेटीचा काटा शहाऐंशीवर होता. थोड्या वेळाने पाहिलं, चौऱ्याऐंशी.

आता मी काय विचार केला ते सांगते, कारण न सांगितलं तर ह्या सगळ्याला अर्थ नाही. मी विचार केला, काहीच करू नये. थंड होऊ द्यावं. वादळाने मारली म्हणता येईल. मार्लिस रडेल, पण चौथ्या चौकटीतलं तिला बघावं लागणार नाही, आणि मलाही नाही. कोणाचाच दोष नाही. मी स्वयंपाकघरात खुर्चीवर जाऊन बसले आणि घड्याळाकडे पाहत राहिले. पाच-सात मिनिटं असतील. मग मला जाणवलं की मी तिथे कशी बसले होते. कोठाराकडून परत आल्यावर वडील खिडकीकडे पाठ करून तसेच बसायचे.

मी उठले. गॅसची शेगडी चालत होती. पाणी कोमट केलं, लोणच्याच्या बरण्यांत भरलं, बरण्या टॉवेलांत गुंडाळल्या आणि पेटीत अंड्यांच्या डब्याच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. अंडी हलू न देता. एक बरणी हातातून सटकून दारातच फुटली. काटा सत्त्याऐंशीपर्यंत चढला. मग दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं.

तिसऱ्या खेपेला नराच्या डब्यातून आवाज आला. थप, थप, थप. भिंतीवर काहीतरी आपटत होतं. अर्धवट उजेडात मी वाकून पाहिलं. तो पाठीवर पडला होता, पोट वर, मान पीळ बसलेली, आणि सरळ व्हायला जाताना दर वेळी उलटीकडेच फिरत होता. लाव्हर्न म्हणाले होते, बिचकले की ह्यांचं जास्त होतं. तोंड किंचित उघडं. तो मला घाबरत नव्हता. मी तिथे आहे हेही त्याला कळत नसावं. आपण कुठे आहोत हेच त्याला कळत नव्हतं.

मी झाकण काढलं आणि त्याला धरलं. कोरडा होता, वापरून मऊ झालेल्या कातडी पट्ट्यासारखा, आणि आत सगळं स्नायू. मी त्याला पालथा केला आणि तळहात पाठीवर ठेवून तसाच धरून राहिले. हळूहळू त्याने डोकं आत घेतलं आणि गोळा झाला. भीती गेली नव्हती, एवढंच की हात काढून घ्यावासा वाटत नव्हता.

रात्र पडायच्या आत मार्लिस आली. दारातल्या काचा, ओले टॉवेल, मांडीवर हात घेऊन जमिनीवर बसलेली मी, हे तिने पाहिलं. मी तिला खुर्चीवर बसल्याचंही सांगितलं. ती म्हणाली, "मी तर फ्रीझर उघडला होता." त्यानंतर तो विषय आमच्यात निघाला नाही. साडेआठला वीज आली.

अठ्ठावन्नाव्या दिवशी सकाळी पहिल्या अंड्याला चीर दिसली. नाकाचं टोक बाहेर, त्याला बुडबुडा. मार्लिसने लाव्हर्नना बोलावलं. ते छोटी कात्री घेऊन आले आणि आमच्या स्वयंपाकघरात टोपी काढून बसले. दोन दिवस ते सकाळी यायचे आणि संध्याकाळी जायचे. मी त्यांना चिकन आणि नूडल करून घालत होते. कोणाला भूक नव्हती, तरी सगळं संपायचं.

पहिलं पिल्लू साधं, तपकिरी. दुसरंही साधं, थोडं पिवळट. तिसरं आईसारखं, फिकट. प्रत्येकाला लाव्हर्न टेबलावर उलटं करायचे आणि आम्ही तिघं श्वास धरून बसायचो. तिन्ही झटकन पालथी झाली. चौथ्याच्या अंगावर रेघा होत्या. ते पालथं झालं, पण डोकं थोडं डुलत राहिलं. मार्लिसने डोळे मिटून घेतले.

पाचवं अंडं फुटलंच नाही. लाव्हर्ननी कापलं. आतलं पिल्लू पूर्ण वाढलेलं होतं, पांढुरकं, नक्षी नाही, आणि मेलेलं.

सहावं स्वतःहून बाहेर आलं. तेही पांढुरकं. दिसायला सगळ्यांत सुंदर तेच होतं, आणि मार्लिसने ज्या पिल्लासाठी ती जोडी घेतली होती ते बहुधा हेच. लाव्हर्ननी त्याला टेबलावर ठेवलं. ते फिरलं. परत फिरलं. मान अंगाभोवती गुंडाळत गेली, पोट वर आलं, आणि ते तसंच फिरत राहिलं, थांबेचना. लाव्हर्ननी त्याला पालथं केलं. हात काढताच ते पुन्हा उलटलं. मार्लिसने केलं. मी केलं. आमच्या तिघांपैकी कोणीतरी धरून ठेवलं तेवढाच वेळ ते शांत राहायचं.

"किती दिवस जगेल?" मार्लिसने विचारलं.

"खाता येणार नाही त्याला," लाव्हर्न म्हणाले. "उपासाने जाईल. मी घेऊन जातो, तुम्ही बघू नका."

मार्लिस नको म्हणाली. तिनेच गावातल्या गुरांच्या डॉक्टरला फोन केला. त्याने आयुष्यात सापाला सुई टोचली नव्हती, पण पुस्तक उघडून ठेवून आमची वाट बघत होता. मी गाडी चालवली. मार्लिसने पिल्लू दोन्ही तळहातांत मिटून धरलं होतं आणि वाटभर खिडकीबाहेर न बघता हातांकडेच बघत होती. दवाखान्यात सगळं पाच मिनिटांत झालं. ती शेवटपर्यंत त्याला धरून होती. मला बाहेर थांबता आलं असतं. मी थांबले नाही.

तिन्ही धडधाकट पिल्लं शरद ऋतूत दुसऱ्या घरी गेली. प्रत्येकाबरोबर मार्लिसने स्वतःच्या अक्षरातला कागद दिला. आई कोण, बाप कोण, अंडी किती, मेली किती आणि का. एक जोडपं कागद वाचून पिल्लू न घेताच परत गेलं. मार्लिसने त्यांना कॉफी पाजली आणि बरं केलंत म्हणाली. पिवळा नर आमच्याकडेच आहे, त्याची जोडी आता कोणाशी लागणार नाही. मादीही आहे.

गेला हिवाळाभर मार्लिस दर गुरुवारी लाव्हर्नकडे जात होती. नवीन एकही साप घेतला नाही. वही घेऊन बसते, चौकोन आखते, कुठला गुण एका प्रतीने दिसतो, कुठला दोन प्रतींनी, कुठल्या नावात काय दडलंय, ते लिहिते. आखून झालं की वही माझ्यासमोर सरकवते. दोनदा मला चूक सापडली. ती म्हणते, अजून वर्षभर तरी जोडी लावायची नाही. मला वाटतं, आणखी एक वर्ष गेलं तरी चालेल.

डुलणारं पिल्लू माझ्याकडे आलं. त्याला खायला मी घालते. आठवड्यातून एकदा, चिमट्यात उंदराचं पिल्लू धरून, अगदी जवळ न्यावं लागतं. पहिला नेम चुकतो. दुसराही बहुतेक चुकतो. त्याची मान वळायला लागली की मला टेबलावरचं ते दुसरं पिल्लू दिसतं. मी चिमटा हलू देत नाही. मार्लिस दारात उभी असते. मग ते पकडतं, वेढा घालतं, आणि आम्ही दोघी श्वास सोडतो.